मालक संघाची पाच मतं

"हात वर करायचे न्हाईत. चिठ्ठ्या घालू," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी हिंदुरावाकडे रोखून पाहिलं. हिंदुराव समजायचं ते समजला.

सोलापूरच्या जुन्या मोटारींच्या मालक संघात सहा सभासद होते, आणि सहाव्याला काढायचं की ठेवायचं हे बाकीचे पाच ठरवणार होते. सहावा म्हणजे धर्मपाल. सात रस्त्याजवळ त्याचं गॅरेज होतं. भंगारात निघालेली छत्तीस सालची ऑस्टिन त्यानं चार वर्षं खपून उभी केली होती. या पाचांच्या गाड्या चालत होत्या त्याही त्याच्याच हातानं.

तक्रार या पाचांतल्याच माळशिरसच्या दोघा भावांची होती. ऑस्टिनचा कार्बोरेटर मूळचा नाही, सबब सभासदत्व रद्द करावं. खरं दुखणं थोरल्यानं बोलूनच दाखवलं.

"ह्यो मालकांचा संघ हाय. सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत कलेक्टरांसमोर हा आमच्या फुडं? उद्या वस्तीतली समदीच येतील गाड्या घिऊन."

छापखानेवाले नागप्पा तेवढे पुटपुटले, "मूळचं तर माझं इंजिनबी न्हाय की."

भाऊ हसले. आबासाहेब हसले नाहीत. संघ त्यांनी काढलेला, बैठक त्यांच्या बंगल्यात. साखर कारखान्याची त्यांची चेअरमनकी या भावांच्या जोरावर टिकलेली. त्यांचा कौल कुणीकडे, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हिंदुराव संघाचा सेक्रेटरी. वडिलांची मॉरिस वाट्याला आली नसती तर या दिवाणखान्यात त्याला कुणी बस म्हटलं नसतं. त्या मॉरिसचा इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप फियाटचा होता. धर्मपालनंच बसवलेला, आणि धर्मपालनं कधी कुणापाशी ब्र काढला नव्हता. आज त्याची बाजू घेतली तर उद्या आपलं बॉनेट उघडतील, ही हिंदुरावाला धास्ती होती. सकाळीच धर्मपालच्या गॅरेजात चहा पिताना तो त्याला म्हणाला होता, "माझं मत तुलाच रे."

त्यानं चिठ्ठीवर 'काढावे' लिहिलं. लिहिताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण हात काही थांबला नाही.

मोजणीही त्यानंच केली. काढावे तीन, ठेवावे दोन.

निकाल सांगायचं कामही सेक्रेटरीचंच. धर्मपाल बाहेर पोर्चमध्ये उभा होता. हिंदुरावानं त्याला तीन-दोनचा आकडा सांगितला. मग त्यानं हिंदुरावाचा हात हातात घेतला.

"दोन मतं पडली की! एक नागप्पांचं, एक तुमचं. तुमी शब्द पाळला, मला तेवढं लई झालं."

हिंदुरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं होतं. निघालं ते एवढंच, "माझ्या परीनं केलं रे."

"तुमच्या पंपाचं मी बघत जाईन. त्याला संघ कशाला पायजे?" धर्मपाल म्हणाला. त्यानं ऑस्टिन सुरू केली आणि तो फाटकाबाहेर पडला.

हिंदुराव वळला तर मागं आबासाहेब उभे. ते कधीपासून ऐकत होते कोण जाणे. हिंदुराव गडबडून म्हणाला, "चला, तुमच्या मनासारखं झालं, आबासाहेब."

"माझ्या मनासारखं?" आबासाहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "ठेवावे म्हणून दोन पडली, त्यातलं एक नागप्पाचं आन एक माझं. त्या भावांफुडं मला तोंड उघडता येत न्हाय, आन तुमचाबी हात वर व्हणार न्हाय, हे ठाव हुतं मला. म्हणून तर चिठ्ठ्या घातल्या, हिंदुराव. तुमच्यासाठी."