कोटात लपवलेली काठी

बारा वर्षं व्यावसायिक लॅक्रॉस खेळणारा माझा मुलगा एमर्सन शनिवारच्या सामन्यात डोक्यावर आपटला, तो दोन दिवसांनी, आज सकाळी शुद्धीवर आला. मी रुग्णालयातल्या त्याच्या खोलीत शिरलो आणि त्याची नजर माझ्या कोटातून डोकावणाऱ्या लाकडी दांड्यावर खिळली. लॅक्रॉसच्या सामन्यात चेंडू झेलायला सगळे धातू-प्लॅस्टिकची जाळीदार काठी वापरतात. लाकडी काठी मात्र आम्हा ग्रँड रिव्हर नदीकाठच्या मूळनिवासी लोकांत पुरुषाच्या शवपेटीत ठेवतात.

"बाबा, ती काठी कशाला आणलीत?" त्याचे ओठ पांढरे पडले. "डॉक्टर काय म्हणाले?"

मला नेमक्या वेळी शब्द सुचत नाहीत. मी नुसताच रडू लागलो.

"कपाटभर पुस्तकं वाचलीत, आणि एवढं एक वाक्य बोलवत नाही तुम्हाला?" त्याने माझी बाही धरली. "असू द्या, कळलं मला. तुमच्या सुनेकडे, तावनीकडे लक्ष ठेवा. तिचे दिवस भरलेत, आणि मी हा असा निघालो."

मी कोटाची बटणं सोडली.



काठी वीतभरच होती, काल जन्मलेल्या त्याच्या मुलाच्या पाळण्यात ठेवायची.