बारा पावलांची गल्ली

बसम्माचा पलंग टेम्पोत चढला, तेव्हा समोरच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेला म्हातारा ग्यानोबा एकाच गोष्टीची वाट बघत होता. ड्रायव्हरनं इंजिन चालू करावं.

कारण त्याला बोलायचं होतं, आणि शांततेत त्याला बोलता यायचं नाही. गप्पा यायच्या, वाट्टेल तेवढ्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, की कधी वरातीचा घोडा नवरदेवासकट गोदावरी पोहून गेलेला असायचा, कधी अंतरपाटच वाऱ्यानं उडून अर्धापूरच्या केळीत जाऊन अडकलेला असायचा. खरं बोलायला मात्र त्याला गोंगाट लागायचा.

ही सवय मिलची. नांदेडची ही सगळी गल्लीच मिलमधली. मागाच्या खात्यात असा दणदणाट, की छपरावरचं कबुतर घुमायचं आणि आपण घुमलो की नाही, हे शेजारच्या कबुतराला विचारायचं. लोक देखरेखीवरच्या जॉबरच्या तोंडावर हसत हसत त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे; तोही खुशीत मान डोलवायचा. नवरा वारल्यावर बसम्मा तिथं कामाला लागली. सुताच्या कांड्या आणून मागावर द्यायची. अठरा वर्षं. ती देऊन पाठ वळवायची आणि ग्यानोबा घसा फाडून ओरडायचा, "बसम्मा, माझ्या घरात नांदायला ये!" ओरडून झालं की जीव हलका. पुन्हा कामाला.

मिल बंद पडली. आवाज गेला. समोरासमोर खोल्या, मधे बारा पावलांची गल्ली, आणि पंचवीस वर्षं बोलणं काय, तर नळाला पाणी आलं का.

आज तिचा मुलगा शिवप्रसाद तिला कायमचं लातूरला न्यायला आला होता.

इंजिन खडखडलं. गल्ली धुरानं भरली. ग्यानोबा उठला, धोतर सावरत टेम्पोच्या खिडकीशी आला. आत बसम्मा मांडीवर डबा घेऊन बसलेली. तेवढ्यात मागची रस्सी ढिली दिसली म्हणून ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. ग्यानोबाला ते कळलंच नाही. मागांचा दणदणाट त्याच्या कानात कायमचा राहायला आलेला. त्याला वाटलं, गाडी चालूच आहे. त्यानं छाती भरून घेतली.

"बसम्मा! जाऊ नको! माझ्या घरात नांदायला ये!"

नळावरच्या बायकांचे हंडे भरून वाहायला लागले. रस्सी आवळायला आलेल्या शिवप्रसादच्या हातात ती तशीच राहिली. शेजारची सिंधू तोंडाला पदर लावून हातवारे करायला लागली. "मामा, गाडी बंद हाय ओ!"

ग्यानोबानं सावरायला एखादी गोष्ट शोधली. जिंदगीत पहिल्यांदा एकही सापडली नाही.

बसम्मानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"कशाला एवढा वरडायलास? अठरा साल ऐकलंय की मी."

"त्या आवाजात?"

"मग! कांड्या द्यायला दुसऱ्या बाया नव्हत्या व्हय? तुझ्याच मागावर मी का यायची?" तिनं मांडीवरचा डबा सरळ केला. "मला वाटलं, कवातरी माग बंद पडतील, मग बोलशील."

ग्यानोबानं खिडकीची कड धरली.

"आता गुडघे गेले माझे, ग्यानबा. खोली पन सोडली. आता पोरगं नेईल तिकडं."

शिवप्रसादनं घसा खाकरला. "अव्वा, उशीर व्हायलाय."

"हाव, चल की."

पण ती दार उघडून खाली उतरली. टेम्पोला धरत धरत मागं गेली. सिंधूनं हात दिला. पलंग आणि ज्वारीचं पोतं यांच्या मधे जागा करून ती बसली, गल्लीकडं तोंड करून.

"आज्जी, म्होरं बसा," ड्रायव्हर म्हणाला. "मागं हाडं खिळखिळी व्हतील. अन् गल्ली तर त्या वळणावरच सरती."

"म्हाईत हाय मला," बसम्मा म्हणाली. "तू सावकाश चालव."