जर्मनीची उंब्रज शाखा

ज्वारीची कणगी साफ करताना उंब्रजच्या शालूबाईंना पाचशेच्या जुन्या नोटा सापडल्या. कवळी बसवायला म्हणून त्यांनीच कधीतरी लपवल्या होत्या आणि मग विसरल्या होत्या. मधल्या काळात सरकारनं नोटा बंद केल्या होत्या.

शेजारची संयोगिता जर्मनीहून सुट्टीला आली होती. पैसे कुठं गुंतवावेत, हे ती तिथल्या बँकेत लोकांना सांगते. शालूबाईंचं तोंड बघून म्हणाली, "काकी, जर्मनीत बंद पडलेल्या मार्कच्या नोटा आजही बदलून देतात. तुमच्याही नोटा घेतील. मी तिकडं गेल्यावर बदलते, तुम्ही पैसे आत्ताच घ्या."

"आपल्या नोटा बी?"

"हो, काकी."

शालूबाईंनी कराडला जाऊन कवळी बसवली आणि ती दाखवत गल्लीभर हसत फिरल्या. "लय भला देश हाय गं! देव त्यास्नी काय कमी करू नये."

संयोगिता परत निघाली, त्या सकाळी दारात गल्लीतल्या बायका जमल्या. प्रत्येकीच्या पदराला गाठ. "लेकी, आमच्या बी तेवढ्या बदल की."

संयोगितानं घाबरून वडिलांकडं पाहिलं. भाऊसो बँकेतले निवृत्त कॅशियर. मुदत संपल्यावर याच बायकांना, याच नोटांसाठी, ते काउंटरवरून "न्हाई" म्हणाले होते.

भाऊसोंनी चष्मा लावला. आतून पेन्शनचं पाकीट आणलं, खुर्ची उंबऱ्यापाशी ओढली.

"गर्दी करू नका. जर्मनीनं इथंच शाखा काढलीय."