हमखास रौप्य

“गिळ अजून दोन केळी,” गावंडे सर म्हणाले. वजनकाट्यापाशी बाकीचे बॉक्सर वजन घटवायला उपाशीपोटी धावत होते. वजन वाढवायला खाणारा भूषण एकटाच.

स्वतःच्या वजनगटात तो दरवर्षी पहिल्याच लढतीत गारद व्हायचा. यंदा सरांच्या सुपीक डोक्यातून योजना निघाली होती. जिल्हा स्पर्धेच्या हेवीवेट गटात एकाच पहिलवानाचं नाव आलं होतं. “दुसरा तू. म्हणजे हरलास तरी रौप्य! पहिला ठोसा बसला की सरळ आडवा हो. लग्नाच्या बायोडेटात पदक लिहायला मोकळा.”

पोटातल्या केळ्यांसकट भूषण रिंगमध्ये चढला. समोरचा पहिलवान म्हणजे हातमोजे घातलेलं कपाटच. घंटा वाजली. आडवं व्हायला बरीशी जागा शोधत भूषणने घाबरून एक हात पुढे केला. तो पहिलवानाच्या खांद्याला जेमतेम लागला आणि कपाट धाडकन कोसळलं. पंचांनी दहापर्यंत मोजलं, तरी ते हललं नाही.

बक्षीस समारंभात भूषणच्या गळ्यात सुवर्णपदक घालून प्रमुख पाहुणे माइकवर गहिवरले, “देहाचं काय घेऊन बसलात, जिगर लागते! आता हा वाघ राज्य स्पर्धेत भल्याभल्या हेवीवेटांना लोळवणार!”

भूषणची केळी घशाशी आली.

शेजारच्या पायरीवर पहिलवान ठणठणीत उभा राहून रौप्यपदक कुरवाळत होता. भूषणच्या कानाशी वाकून तो म्हणाला, “जिंकणाऱ्याला राज्याला जावं लागतं, भाऊ. आमच्या सरांनी बजावलंच होतं, आडवं व्हायला उशीर करायचा नाही.”