निम्म्या मागं बसा

“निम्म्या पुढं, निम्म्या मागं. आन जॅकेट कुनी काढायचं न्हाय.” इंजिन सुरू करायच्या आधी मकसूदनं हे तीनदा सांगितलं. अकरा बायकांनी तीनदा माना डोलावल्या.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर त्याची बोट नवीनच होती. पत्र्याच्या दोन लांबलचक बंद टाक्या, त्यांवर सपाट फळ्या, चारी बाजूंनी कठडा आणि वर कापडी छत. अंगणात वावरावं तसं वावरता येतं. आपण पाण्यावर आहोत याचा माणसाला विसरच पडतो, आणि घोळ होतो तो तिथंच.

आज बोट झेंडूनं मढवली होती. निरवांगीच्या छबूबाईंच्या सुनेचं, रोहिणीचं, नावेतलं डोहाळजेवण होतं. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस राहिले होते आणि आता सातवा लागला होता. छबूबाईंनी हौसेत काही कमी ठेवलं नव्हतं. पुढच्या कठड्याजवळ सजवलेली खुर्ची, तिच्यावर हिरव्या साडीतली रोहिणी, अंगभर फुलांचे दागिने. आणि या सगळ्यावर ते भगवं, फुगीर जॅकेट.

“हे ध्यान फोटोत घ्यायचं व्हय?” मोबाईल धरून उभी असलेली नणंद मोना म्हणाली.

बोट काठापासून लांब गेल्यावर छबूबाईंनी स्वतःच सुनेच्या जॅकेटचे पट्टे सोडले. “पाच मिंटं. वटी भरली की घालती परत.” सासूबाईंनीच काढलं म्हटल्यावर बाकीच्या कशाला थांबतात? बघता बघता जॅकेटांचा ढीग छताच्या खांबापाशी पडला.

एकीनं मात्र काढलं नाही. रोहिणीची आई ठमाबाई मागच्या बाकावर एकटी बसली होती. पहाटे उठून तिनं सांगवीहून लेकीसाठी डबे भरून आणले होते. पण नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. ओटी भरायला तिला कोण बोलावणार, आणि फोटोत तरी कोण घेणार? ‘मागं बसा’ असं तिला कुणी म्हणालंही नव्हतं. ती आपली आपण जाऊन बसली होती, आणि सगळ्यांना ते बरंच वाटलं होतं.

ओटीचं ताट निघालं. पाच सवाष्णी पुढं झाल्या आणि त्यांच्या मागोमाग उरलेल्याही.

“मावशी, चार-पाच जणी मागं जा,” मकसूद इंजिनापासून ओरडला. “तोंड दबतंय बोटीचं.”

“जातील की,” छबूबाई म्हणाल्या. “वटी तर हुंद्या.”

“वटी हुईल वो. आदी मागं जा. त्या मावशींजवळ बसा.”

बायकांनी वळून पाहिलं. ठमाबाईच्या दोन्ही अंगांना बाक रिकामा होता. ऐन ओटीच्या वेळी विधवेच्या मांडीला मांडी लावून कोण बसेल? तोंडानं तसं कुणी बोललं नाही. एकीनं हातातल्या बांगड्या सारख्या केल्या. दुसरी तिसरीला म्हणाली, “तू जा की,” आणि दोघी हसल्या. चीड यावी असं ते हसणं होतं. ठमाबाईनं मान खाली घातली, जणू बाक रिकामा ठेवल्याचा गुन्हा तिनंच केला होता.

तेवढ्यात वारा सुटला. दुपार कलली की उजनीवर तो सुटतोच. पुढच्या फळ्यांवर पाणी चढलं, बायकांच्या पावलांना लागलं, आणि त्या किंचाळल्या. मकसूद घाबरला. लवकर काठ गाठावा म्हणून त्यानं इंजिनाला जोर दिला. नेमका तोच द्यायला नको होता. दबलेलं तोंड सरळ पाण्यात घुसलं. फळ्या तिरक्या झाल्या आणि खुर्ची, ताट, बायका असं सगळं एकदम पुढच्या कठड्यावर जाऊन आदळलं. कठडा तुटला.

ठमाबाईनं मागून उडी टाकली. तिला पोहता येत नव्हतं. जॅकेट तिला वर धरून होतं आणि रोहिणी खाली होती. ठमाबाई पुन्हा पुन्हा तोंड पाण्यात घाली, हात खोल नेई, आणि जॅकेट तिला पुन्हा पुन्हा वर आणी. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. शेवटी बोटांना लेकीची वेणी लागली. तिनं ती मनगटाभोवती गुंडाळली आणि ओढली.

मासे धरणाऱ्यांच्या दोन होड्या धावून आल्या. अकराच्या अकरा जणी निघाल्या. काठावरच्या लोकांनी दोनदा मोजलं आणि सगळ्या वाचल्या, देवाची कृपा, असं एकमेकांना सांगितलं. छबूबाई चिखलात बसून होत्या. “म्या सांगितलं हुतं,” मकसूद कुणाकडंही न बघता म्हणत होता. ते खरं होतं, आणि त्याचा आता कुणाला काही उपयोग नव्हता.

इंदापूरच्या दवाखान्यात न्यायला रोहिणीला जीपमध्ये मागच्या बाजूला झोपवलं. डोकं ठमाबाईच्या मांडीवर होतं. दोन्ही तळवे पोटावर ठेवून रोहिणी कशाची तरी वाट पाहत होती.

“आई,” ती म्हणाली, “सकाळपास्नं सारखं लाथा मारत हुतं. आता हलंना झालंय.”

ठमाबाईनं लेकीच्या पोटावर हात ठेवला. जीपनं दोन गावं मागं टाकली, तरी तो तिथंच होता.

“दमलं आसंल,” ती म्हणाली. “झोपलं आसंल.”

आणि इंदापूर येईपर्यंत तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं नाही.