घासलेले ब्रेक

दाराच्या बिजागऱ्यांपासून सायकलीच्या चेनपर्यंत घरातलं सगळं तेलपाणी सूनबाईच करायची. त्या रविवारी तिनं सासऱ्यांची सायकल उलटी केली आणि थबकलीच. चार महिन्यांपूर्वी तिनंच बसवलेले ब्रेकचे रबर पार घासून गेले होते, आणि मागच्या टायरवर नक्षी औषधालाही उरली नव्हती.

"बाबा, सायकल कुठवर नेता हो?"

"वाचनालयापर्यंत. आणखी कुठं जाणार या वयात?" त्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

वाचनालय कोपऱ्यावरच होतं, आणि रस्ता अगदी सपाट. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. हल्ली बाबा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. कुठंतरी पाणी मुरतंय, हे तिनं ताडलं.

दुसऱ्या दिवशी ती स्कूटरवरून बेतानं त्यांच्या मागे निघाली. वाचनालय मागे पडलं. बाबांनी टेकडीचा अख्खा चढ सायकल ढकलत पार केला आणि ब्रेक दाबत दाबत ते पलीकडच्या वस्तीत उतरले. तिथल्या दुसऱ्या गल्लीत ते वळले, तशी तिनंही ब्रेक दाबला. त्या गल्लीत तिनं वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं.

बाबांनी कडी वाजवली. दार उघडलं ते तिच्या आईनं. भांडून जिच्याशी तिनं बोलणं टाकलं होतं, त्या आईनं.

 

"या व्याहीबुवा," आई म्हणाली, "आज कशी आहे माझी लेक?"