पेंढ्याची भिंत

कोरीनने बर्फ उपसायचं फावडं उचललं आणि आईच्या बैठकीची खिडकी फोडली. काच गेली, पण वारा अडवायला बापाने आतून ताणून चिकटवलेलं प्लास्टिक तसंच राहिलं. ते तिने नखांनी टराटरा फाडलं. उणे वीसची हवा आत घुसली.

सोफ्यावर तिची आई, लूसिल, मान टाकून पडली होती. गाल लालबुंद. कोरीनचा हाका मारून घसा बसला तरी हूं नाही की चूं नाही. पायाशी मांजर मरून पडलं होतं.

काच फुटल्याचा आवाज ऐकून तिचा बाप आल्फे गोठ्यातून धावत आला. सकाळपासून तो तिकडेच होता. मुलगी दुसऱ्या खिडकीवर फावडं उगारतेय एवढंच त्याला दिसलं. त्याने तिचे केस धरून तिला मागे खेचलं.

"वेड लागलंय का तुला? घर तापवायचं तेल काय आभाळातून पडतं?"

"पपा, ममाकडे बघा."

"झोपलीय ती. सारखी झोपतेच हल्ली. ठेव ते फावडं."

तिने ठेवलं नाही. त्याने थोबाडीत मारली, तिचा ओठ फुटला. कोरीनने फावड्याचा दांडा होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कोलमडला. तिला जराही वाईट वाटलं नाही. दुसरी खिडकी फोडून ती आत शिरली, तिने आईला काखेत धरून फरफटत दाराबाहेर ओढलं आणि फोनवर ॲम्ब्युलन्स मागवली.

"भट्टीचा नळ कुठाय, पपा?"

"कुठला नळ?"

"तळघरातला विषारी धूर ज्यातून बाहेर जातो तो. या भिंतीतून निघतो ना? दाखवा मला."

आल्फे लंगडत भिंतीपाशी आला. त्या खोऱ्यात थंडीच्या तोंडावर सगळेच घराभोवती पेंढ्याचे गठ्ठे रचतात, वरून बर्फ थापतात. ऊब आत राहते, तेल कमी जळतं. आल्फेसारखी भिंत कुणाची नसे. यंदा त्याने गठ्ठ्यांचा आणखी एक थर चढवला होता, आणि बोट शिरेल एवढी फट राहिली नाही म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता.

नळ कुठेच दिसत नव्हता.

तो बर्फात गुडघ्यांवर पडला आणि उघड्या हातांनी गठ्ठे उपटू लागला. नखं उलली. तिसरा गठ्ठा निघाला तसा कोंडलेला गरम धूर त्याच्या तोंडावर आला.

चार पावलांवर लूसिलला ढास लागली. ती ओकली. मग तिने डोळे किलकिले केले, फुटलेल्या खिडक्या पाहिल्या, मुलीचा रक्ताळलेला ओठ पाहिला आणि तिची बाही घट्ट धरली.

"काहीतरी लाव गं तिथे, पटकन," ती म्हणाली. "तुझे पपा आले तर जीव घेतील."